अग्निबाणाला टप्पे कशासाठी? – एक अभ्यासपाठ



स्मरणिकेसाठी दरवर्षी कोणी कविता देते, कोणी आठवणी लिहिते. यंदा कार्यकारिणीने आम्हाला विचारले तेव्हा आम्ही म्हटले, एका प्रश्नाचे देणे आमच्याकडे बाकी आहे, ते या पानांवर फेडू द्या. तो प्रश्न असा.

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले. त्या संध्याकाळी आम्ही बँकेतून परस्पर अभ्यासिकेत गेलो, तेव्हा मुले मोबाइलवर उड्डाणाचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहत होती. उड्डाणानंतर दोन मिनिटे उलटली आणि अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंची दोन प्रचंड नळकांडी सुटून पडली. त्याबरोबर नियंत्रण कक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. आठवीतील एका मुलीने विचारले, "काका, एवढे मोठे भाग निखळून पडले आणि हे लोक टाळ्या का वाजवतात?"

आम्ही म्हटले, "इंधन संपले, म्हणून रिकामे नळकांडे टाकून दिले. वजन कमी झाले." त्यावर ती म्हणाली, "मग सुरुवातीलाच एक मोठी टाकी करायची. टाकायची गरजच नाही!"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. दहावीनंतर आम्हाला सांगण्यात आले होते की, घरात कोणी शिकलेले नाही, विज्ञान झेपायचे नाही, कला शाखा घ्या. आम्ही ते निमूटपणे ऐकले आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे खरेच मानले. परंतु मुलीसमोर "आम्हाला माहीत नाही" म्हणून विषय संपवणे मनाला पटेना. तिच्याकडे थोडी मुदत मागितली आणि त्यानंतरचे काही रविवार ग्रंथालयात घालवले. तेव्हा ध्यानात आले की, या प्रश्नाचे उत्तर ज्या गणितात आहे ते गणित आम्ही बँकेच्या काउंटरवर रोज करतो. ते गणित येथे क्रमाक्रमाने मांडत आहोत.

१. उपग्रह खाली का पडत नाही?

पुष्कळांची समजूत अशी असते की, खूप उंच गेले की पृथ्वीचे आकर्षण संपते आणि वस्तू तरंगत राहते. हे खरे नाही. ६०० किलोमीटर उंचीवरही पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या आकर्षणाच्या चार-पंचमांशाहून अधिक असते. भारतातून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून उडाला. तो सुमारे २०० किलोमीटर उंच गेला, त्याने आपले काम केले आणि तो खाली आला. उंची होती, पण आडवा वेग नव्हता.

आडव्या वेगाचे महत्त्व न्यूटनने तीनशे वर्षांपूर्वी एका कल्पनेने समजावले. उंच डोंगरावरून तोफ आडवी डागली तर गोळा काही अंतरावर पडेल. दारू वाढवली तर अधिक लांब पडेल. हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्यामुळे ८ किलोमीटर सरळ पुढे गेल्यावर तिचा पृष्ठभागही सुमारे ५ मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे गोळ्याचा वेग सेकंदाला ८ किलोमीटर असेल तर तो जितका पडतो तितकीच जमीन त्याच्यापासून खाली सरकते. तो पडतच राहतो, पण जमिनीला लागत नाही. पडत पडत तो पृथ्वीला फेरी घालतो. यालाच कक्षा म्हणतात. (हवेचा अडथळा मात्र नसावा, म्हणून उपग्रह काही शे किलोमीटर वर न्यावा लागतो.)

६०० किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर लागतो. मुंबई ते पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरले, तर ते वीस सेकंदांत तोडण्याचा हा वेग आहे. तेव्हा अग्निबाणाचे खरे काम उपग्रहाला उंच नेण्यापेक्षा त्याला आडवा प्रचंड वेग देणे हे आहे. म्हणूनच अग्निबाण सरळ वर निघतो, पण थोड्याच वेळात हळूहळू आडवा होऊ लागतो.

२. अग्निबाण कशाला रेटतो?

फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला की हवा एका बाजूला आणि फुगा दुसऱ्या बाजूला जातो. अग्निबाणाचे तत्त्व तेच. आतले इंधन जळून तप्त वायू मागे प्रचंड वेगाने बाहेर पडतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून अग्निबाण पुढे जातो. तो बाहेरच्या हवेला रेटत नाही, स्वतःच्याच वायूंना मागे फेकतो. त्यामुळे हवा नसली तरी तो चालतो, उलट अधिक चांगला चालतो. अवकाशात जळायला प्राणवायू नसतो, म्हणून तोही इंधनाबरोबर किंवा इंधनातच मिसळून न्यावा लागतो. या लेखात सोयीसाठी दोन्ही मिळून आम्ही 'इंधन' असेच म्हणू.

ही साधी वाटणारी गोष्ट समजायला मोठ्यामोठ्यांनाही वेळ लागला. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड या शास्त्रज्ञाने पोकळीतही अग्निबाण चालेल असे म्हटले, तेव्हा १९२० साली न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने अग्रलेखातून त्यांची टिंगल केली. शाळेत शिकवतात तेवढेही ज्ञान या गृहस्थांना नाही, असा त्याचा सूर होता. पुढे १६ मार्च १९२६ रोजी गोडार्ड यांनी द्रव इंधनावरचा जगातला पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला. जुलै १९६९ मध्ये माणसे चंद्राकडे निघाली, तेव्हा त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून दुरुस्त केली. तोपर्यंत गोडार्ड यांचे निधन होऊन चोवीस वर्षे झाली होती. तात्पर्य, अग्रलेख लिहिणाऱ्यालाही जे कळले नाही ते आपल्याला पहिल्या वाचनात कळले नाही तर खजील होऊ नये.

३. चक्रवाढीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बँकेत ठेव किती वर्षांत दुप्पट होईल हे विचारणारा ग्राहक रोज येतो. त्यासाठी आमच्याकडे ७२ चा सोपा नियम आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागायचे. दर ८ टक्के असेल तर ७२ भागिले ८ म्हणजे ९ वर्षे. १ लाखाचे ९ वर्षांत २ लाख, १८ वर्षांत ४ लाख आणि २७ वर्षांत ८ लाख होतात. वर्षे बेरजेने वाढतात, रक्कम गुणाकाराने वाढते.

अग्निबाणाचा हिशेब अगदी असाच आहे. येथे वर्षांच्या जागी वेग आणि रकमेच्या जागी वजन घ्यायचे. नेहमीच्या इंधनाचे वायू सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. असा अग्निबाण इंधन जाळत जाळत मूळ वजनाच्या निम्मा झाला की त्याच्या वेगात सेकंदाला सुमारे २ किलोमीटरची भर पडते. (३ ला ०.६९ ने गुणायचे. हा ०.६९ लॉगॅरिदमच्या तक्त्यात २ समोर सापडतो. गंमत म्हणजे ७२ च्या नियमामागेही हाच आकडा आहे. हिशेबाला सोपे जावे म्हणून ६९ चे ७२ केले आहेत.)

समजा, १०० टनांचा अग्निबाण आहे. १०० चे ५० टन झाले की वेग २ किलोमीटर. ५० चे २५ झाले की ४ किलोमीटर. २५ चे साडेबारा झाले की ६ किलोमीटर. पहिले २ किलोमीटर मिळवायला ५० टन इंधन गेले, तर तिसरे २ किलोमीटर अवघ्या साडेबारा टनांत मिळाले. कारण सुरुवातीला जळणारे इंधन मुख्यतः मागे उरलेल्या इंधनालाच ओढत असते. घाट चढणाऱ्या गाडीत निम्मे डबे कोळशाचेच असावेत, तशी ही स्थिती.

उलट बाजूने पाहिले तर अंगावर काटा येतो. शेवटी १ टन वजनाला ६ किलोमीटर वेग द्यायचा तर सुरुवात ८ टनांनी, ८ किलोमीटर द्यायचा तर १६ टनांनी, १० किलोमीटर द्यायचा तर ३२ टनांनी करावी लागते. चक्रवाढ व्याज ठेवीवर मिळते तेव्हा गोड लागते आणि थकलेल्या कर्जावर चढते तेव्हा घर बुडवते. अग्निबाणाला ते कर्जाच्या बाजूने लागते.

आणि लागतो किती वेग? कक्षेतला वेग साडेसात किलोमीटर असला तरी वर जाताना पृथ्वीचे आकर्षण आणि हवेचा अडथळा यांत दीड-दोन किलोमीटर खर्ची पडतात. तेव्हा आपण साडेनऊ ते दहा किलोमीटर वेगाची तजवीज करू.

४. मोठी टाकी का चालत नाही?

आता त्या मुलीच्या सूचनेप्रमाणे एकच मोठी टाकी घेऊ. टाकी, इंजिन, नळ्या, नियंत्रणाची यंत्रे हे सारे धातूचे असते आणि कितीही काटकसर केली तरी भरलेल्या अग्निबाणाच्या दहा-अकरा टक्के वजन त्यात जाते असे धरू. १०० टनांच्या अग्निबाणात ८९ टन इंधन आणि ११ टन सांगाडा. सगळे इंधन जाळले तरी वजन ११ टनांच्या खाली जाऊच शकत नाही. वेग मिळाला सेकंदाला सुमारे साडेसहा किलोमीटर. त्यात उपग्रह एक किलोचाही नाही, तरी हे रिकामे नळकांडे कक्षेत पोचत नाही!

टाकी दुप्पट मोठी केली तर? २०० टनांत १७८ टन इंधन आणि २२ टन सांगाडा. प्रमाण तेच, म्हणून वेगही तोच. मोठ्या टाकीला मोठा सांगाडा लागतो, हे या प्रश्नाचे मर्म आहे.

आता तेच १०० टन तीन टप्प्यांत वाटू.

पहिला टप्पा : एकूण १०० टन. ७५ टन इंधन जळते. १०० चे ५०, ५० चे २५ टन होतात. वेग ४ किलोमीटर. पहिल्या टप्प्याचा ९ टनांचा रिकामा सांगाडा टाकून देतो. उरले १६ टन.

दुसरा टप्पा : १६ टनांनी नवी सुरुवात. १२ टन इंधन जळते. १६ चे ८, ८ चे ४ टन होतात. आणखी ४ किलोमीटर, एकूण ८. दीड टनाचा सांगाडा टाकतो. उरले अडीच टन.

तिसरा टप्पा : अडीच टनांपैकी सव्वा टन इंधन जळते. आणखी २ किलोमीटर, एकूण १०. दीडशे किलोचा सांगाडा टाकतो. उरला ११०० किलोंचा उपग्रह, आपल्या कक्षेत.

तेच १०० टन, तेच इंधन, सांगाड्याचे प्रमाणही तेच. एका नळकांड्यात घातले तर काहीच पोचत नाही. तिघांत वाटले आणि ज्याचे काम संपले त्याला वेळीच सोडले, तर ११०० किलो पोचतात. एवढी एक गोष्ट या लेखातून ध्यानात राहिली तरी पुरे.

मग टप्पे दहा का करू नयेत? कारण प्रत्येक टप्प्याबरोबर एक नवे इंजिन, नवी जोडणी आणि बिघडण्याची एक नवी जागा वाढते. शिवाय तिसऱ्या-चौथ्या टप्प्यानंतर होणारा फायदा कमी कमी होत जातो. म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी दोन, तीन किंवा चार टप्प्यांवर काम भागवतात.

५. रशियातील शाळामास्तर

वजन आणि वेग यांचा हा हिशेब १९०३ साली प्रसिद्ध करणारे कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की कोणी मोठे प्राध्यापक नव्हते. १८५७ साली जन्मलेल्या या माणसाची श्रवणशक्ती लहानपणीच्या तापाने जवळजवळ गेली. वर्गात काही ऐकू येत नसल्याने त्यांचे शाळेचे शिक्षण तुटले. तरुणपणी मॉस्कोला जाऊन सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान स्वतःच शिकून घेतले. पुढे कलुगा या गावी ते शाळेत गणित शिकवत. १९२९ साली त्यांनी 'अग्निबाणांची आगगाडी' ही कल्पना सविस्तर मांडली. पुढचा डबा जळून संपला की गळून पडतो, मग त्याच्या मागचा पेटतो. १९३५ साली ते वारले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांच्याच देशाने स्पुटनिक हा ८३ किलोंचा पहिला कृत्रिम उपग्रह कक्षेत सोडला, तो टप्प्यांच्याच अग्निबाणाने.

मित्रहो, ज्या मुलाला शाळेने सामावून घेतले नाही त्याने ग्रंथालयाच्या बाकावर बसून हे गणित केले. अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

६. आपला पीएसएलव्ही

कागदावरचे गणित प्रत्यक्षात कसे उतरते हे पाहण्यासाठी आपल्या देशाच्या पीएसएलव्ही या उपग्रहवाहक यानाकडे पाहू. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. २००८ चे चांद्रयान-१ आणि २०१३ चे मंगळयान त्यानेच नेले. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याने एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. उंची सुमारे ४४ मीटर, म्हणजे चौदा-पंधरा मजली इमारतीएवढी. मोठ्या प्रकारचे वजन सुमारे ३२० टन. त्याला चार टप्पे आहेत, एक आड एक घन आणि द्रव इंधनाचे.

पहिला टप्पा घन इंधनाचा. त्यात सुमारे १३८ टन इंधन असते. रबरासारख्या पदार्थात बाकीची द्रव्ये कालवून ते नळकांड्यातच घट्ट केलेले असते. घन इंधन एकदा पेटले की दिवाळीतल्या बाणासारखे, मध्येच विझवता येत नाही. परंतु जोर मोठा आणि रचना सुटसुटीत, म्हणून जमिनीवरून उठायला ते सोयीचे. याच्या भोवती सहा छोटी नळकांडी बांधलेली असतात. चार जमिनीवरच पेटतात, दोन उड्डाणानंतर पंचवीसाव्या सेकंदाला. काम झाले की तीही गळून पडतात. सुमारे ११० सेकंदांनी पहिला टप्पा सुटतो आणि बंगालच्या उपसागरात पडतो. त्या भागात त्या वेळेत जहाजे, विमाने आणि मासेमारीच्या होड्या येऊ नयेत म्हणून आधीच सूचना दिलेली असते.

दुसरा टप्पा द्रव इंधनाचा. सुमारे ४१ टन इंधन आणि 'विकास' नावाचे इंजिन. तो जळत असतानाच, अडीच-तीन मिनिटांच्या सुमारास, टोकावरचे उष्णतारोधक कवच दोन भागांत उघडून टाकले जाते. हवेच्या घर्षणापासून उपग्रहाला जपणे हे त्याचे काम. हवा संपली, कवचाचे काम संपले.

तिसरा टप्पा पुन्हा घन इंधनाचा, सुमारे साडेसात टनांचा. तो जळून संपल्यावर यान काही काळ मिळालेल्या वेगावरच उंची गाठत जाते. मग चौथा टप्पा. त्यात दोन लहान द्रव इंजिने आणि जेमतेम अडीच टन इंधन. द्रव इंजिन हवे तेव्हा बंद करता येते, म्हणून शेवटचा बारीक हिशेब त्याच्याकडे. जमा-खर्चाच्या शेवटच्या ओळीतले पैसे जुळवावेत तसे तो वेगाचे राहिलेले अंश जुळवतो. त्याचे इंजिन साधारण सोळा-सतरा मिनिटांनी बंद होते आणि मग उपग्रह हलकेच वेगळा केला जातो.

३२० टनांच्या या यानाने ६०० किलोमीटरवरच्या ध्रुवीय कक्षेत सुमारे १७५० किलो नेता येतात. शेकडा हिशेब केला तर जेमतेम अर्धा टक्का! बाकी साडेनव्याण्णव टक्के हा अर्धा टक्का पोचवण्यासाठी खर्च होतात.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. घन इंधनाच्या संशोधनाचे नेतृत्व पुण्यात जन्मलेल्या डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंबा येथे केले. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात या यानाच्या नळकांड्यांची पोलादी आवरणे बनतात आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात 'विकास' इंजिने. तेथील वेल्डर आणि फिटर यांच्या हातची सफाई त्या अर्ध्या टक्क्यात जमा आहे.

७. सोडणे सोपे नसते

टप्पा सुटतो म्हणजे नट ढिला होऊन पडतो असे नाही. जोडावर गुंडाळलेली स्फोटकाची पट्टी क्षणात धातू कापते. मग उलट दिशेचे छोटे अग्निबाण किंवा दाबलेल्या स्प्रिंगा रिकाम्या टप्प्याला मागे ढकलतात, नाहीतर तो वरच्या टप्प्यावरच आदळेल. त्यानंतर ठरल्या क्षणी वरचा टप्पा पेटला पाहिजे. हे सारे ताशी हजारो किलोमीटरच्या वेगात घडते आणि हात लावायला तेथे कोणी नसते.

यात काय चुकू शकते याची उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे आपले पहिले उपग्रहवाहक यान उडाले. चार टप्पे, १७ टन वजन. पहिला टप्पा नीट जळला. पण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक आम्ल आधीच गळून गेले होते. यान भरकटले आणि समुद्रात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले आणि ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्यांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवले.

मार्च १९८७ मध्ये एएसएलव्हीची बाजूची नळकांडी जळून संपली, पण त्यांच्यानंतर पेटायचा टप्पा पेटलाच नाही. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण दुसरा टप्पा सुटताना डगमगले आणि नियंत्रणाच्या संगणकीय आज्ञावलीतील चुकीमुळे सावरले नाही. १८ मे २०२५ रोजी त्याच यानाचा तिसरा टप्पा दगा देऊन गेला. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही हे काम गृहीत धरता येत नाही.

पण आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर ३१ ऑगस्ट २०१७ च्या उड्डाणात आहे. त्या दिवशी चारही टप्पे ठरल्याप्रमाणे जळले. फक्त टोकावरचे कवच उघडले नाही. सुमारे एक टनाचे ते ओझे यानाला शेवटपर्यंत वाहावे लागले, हवी ती कक्षा मिळाली नाही आणि उपग्रह कवचाच्या आतच कोंडून राहिला. सगळे पेटले, पण एक गोष्ट सुटली नाही, म्हणून मोहीम फसली. नळकांडी सुटल्यावर शास्त्रज्ञ टाळ्या का वाजवतात ते आता सांगावे लागू नये.

८. पुढची पावले

या चक्रवाढीतून सुटण्याचे दोन मार्ग माणसाने शोधले आहेत. एक, वायूंचा वेग वाढवणे. उणे २५३ अंशांना द्रवरूप केलेला हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव प्राणवायू जाळला तर वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने निघतात. हेच क्रायोजेनिक इंजिन. ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेकडे दूरसंचाराचे जड उपग्रह पाठवायला ते फार उपयोगी. चांद्रयान-३ च्या यानाचा शेवटचा टप्पा असाच होता.

दुसरा मार्ग, टाकलेले परत वापरणे. २१ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील फाल्कन-९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा उपग्रह मार्गी लावून परत येऊन जमिनीवर उभा उतरला. आपल्याकडेही पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच राहतो, तर त्यावर प्रयोगांची उपकरणे बसवून काम घेण्यास २०१९ पासून सुरुवात झाली. तरीही टप्पे करणे कोणाला चुकलेले नाही. खर्च वाचवता येतो, पण चक्रवाढीचा नियम मोडता येत नाही.

समारोप

हा हिशेब आम्ही अभ्यासिकेच्या फळ्यावर खडूने मांडला. १०० चे ५०, ५० चे २५. त्या मुलीने आमच्याआधीच साडेबारा म्हटले आणि मग विचारले, "म्हणजे अकरा टनांवर अडकले ना?" आम्हाला हे कळायला तीन रविवार लागले होते!

विज्ञान झेपणार नाही असे आम्हाला सांगितले गेले, तेव्हा 'का?' असे आम्ही विचारले नाही. ते ओझे आम्ही फार काळ वाहिले. आज अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींना असे कोणी सांगितले तर त्यांनी 'का?' असे जरूर विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर ग्रंथालयात जाऊन स्वतः शोधावे. आमच्या बँकेच्या काउंटरवर आले तरी चालेल, फक्त गर्दीची वेळ टाळावी.

स्वाध्याय

१. १०० टनांच्या एकाच टप्प्याच्या अग्निबाणाचा सांगाडा ५ टनांत बसवता आला, तर उपग्रहाशिवाय साधारण किती वेग मिळेल? निम्मे करत करत काढा.

२. क्रायोजेनिक इंजिनात वजन निम्मे झाले की वेग सुमारे ३ किलोमीटरने वाढतो. सेकंदाला ९ किलोमीटर वेग मिळवायला सुरुवातीचे वजन शेवटच्या वजनाच्या किती पट लागेल? नेहमीच्या इंधनाने ८ किलोमीटरसाठी किती पट लागत होते?

३. दर ६ टक्के असेल तर ठेव किती वर्षांत दुप्पट होईल? चौपट व्हायला किती वर्षे लागतील?

४. उंच गेलेला थुंबाचा अग्निबाण खाली आला, उपग्रह मात्र येत नाही. का? आपल्या शब्दांत पाच ओळी लिहा.

उत्तरे अभ्यासिकेत रविवारी सकाळी फळ्यावर तपासून मिळतील. चुकली तरी चालतील, कोरी नसावीत.